घरच्या गाडीला बसलेला मार

माझे धाकटे दीर गाड्या दुरुस्त करतात, असं त्यांच्या तोंडावर म्हणायची सोय नाही. ते गाड्या तपासतात. गल्लीत त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. हे नाव लोकांनी प्रेमाने ठेवलं असं ते सांगतात, पण पहिल्यांदा ते त्यांनी स्वतःच उच्चारलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "तुम्हाला हाक काय मारायची?" तर भाऊजी म्हणाले, "डॉक्टर म्हणा, सगळे म्हणतात." तोवर कुणीही म्हणत नव्हतं.

माझं शिवणाचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे. मधल्या भिंतीत एक सरकती खिडकी आहे. चहाचे कप इकडून तिकडे करायला ती पाडून घेतली होती, पण तिच्यातून चहा कमी आणि व्याख्यानंच जास्त येतात. मी मशीनवर बसलेली असते आणि पलीकडे डॉक्टर लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून, डोळे मिटून उभे असतात. मालकाने मध्येच तोंड उघडलं तर बोट वर करून त्याला गप्प करतात. जुनं ऑइल दोन बोटांत चोळून बघतात, हुंगतात. एकदा जिभेलाही लावलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थुंकत होते, तरी चवीवरून फार कळतं हे सांगणं काही सोडलं नाही. माझ्याकडून हट्टाने पांढरा कोट शिवून घेतला. आठवड्याभरात त्याची अशी दशा झाली की मशीन पुसायचं माझं फडकं त्याहून बरं दिसत होतं. मग मी गुपचूप दुसरा निळा शिवून दिला.

हसण्यावारी नेलं तरी माणूस कामाला चोख आहे, हे मला कबूल करायलाच हवं. खोड एकच. "मला माहीत नाही" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नाहीत. गाडी बघितली की निदान झालंच पाहिजे, आणि तेही खणखणीत आवाजात, समोरच्या सायकलवाल्याला आणि पलीकडच्या न्हाव्याला ऐकू जाईल असं.

आता ताईंबद्दल सांगते. ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, डॉक्टरांची सख्खी बहीण. यजमान गेल्यावर त्यांची गाडी इमारतीखाली कव्हर घालून पडून होती. ताईंनी जन्मभर शेजारच्या सीटवर बसूनच प्रवास केलेला. कुठे जायचं झालं तर तयार व्हायचं, पर्स मांडीवर घ्यायची आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून कुणाची तरी वाट बघायची. मुलाला वेळ झाला तर जायचं, नाही झाला तर साडी बदलून पुन्हा स्वयंपाकघरात. साठी उलटल्यावर एक दिवस त्यांनी ते कव्हर ओढून काढलं आणि ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी घाम पुसत घरी गेला म्हणतात. पण ताई शिकल्या. आता त्या बाजारात जातात, पोहायला जातात, मैत्रिणीला गुडघ्याच्या व्यायामाला घेऊन जातात आणि तिला तिथे सोडून स्वतः उगाच लांबच्या रस्त्याने फिरून येतात. हे शेवटचं त्यांनी फक्त मला सांगितलं आहे.

त्यांचा मुलगा, आमचे भाचेबुवा, विम्याच्या कचेरीत आहेत. दिवसभर कुणाचं काय मोडलं आणि कोण कुठे आपटलं याचेच कागद वाचायचे, मग माणूस कसा होणार? घरातल्या टेबलाच्या कोपऱ्यांना त्याने रबर लावून ठेवलं आहे, आणि घरात लहान मूल नाही. ताईंनी एकदा गाडी खांबाला घासली, तेव्हापासून त्याने धोशा लावला होता. शेवटी सगळ्यांसमोर ठरलं की आता आणखी काही झालं तर किल्ली त्याच्याकडे. ताई म्हणाल्या, "बरं." आणि ताई शब्दाला पक्क्या, हीच तर पंचाईत.

त्या दिवशी ताई ऑइल बदलायला गाडी घेऊन आल्या. नेहमीचंच काम. भाचेबुवाही मागोमाग स्कूटरवर आले, कारण गाडीच्या तब्येतीचा अहवाल त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर चढवली, डॉक्टर दिवा घेऊन खाली उतरले. ताई माझ्याकडे स्टुलावर येऊन बसल्या. मी त्यांच्या पोलक्याची बाही बेतत होते.

खालून नट सैल केल्याचा आवाज आला, ऑइल भांड्यात पडायला लागलं. मग सगळं शांत झालं. डॉक्टर काम करताना कधी शांत नसतात, म्हणून मी खिडकीतून डोकावले. ते खड्ड्यातून वर येत होते. चेहरा असा, की आता नातेवाइकांना आत बोलावणार.

"ताई," ते म्हणाले, "चेंबरला मार बसलाय."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं ऑइलचं भांडं. इंजिनात फिरून आलेलं ऑइल त्यात साठतं आणि तिथूनच एका जाळीतून परत वर ओढलं जातं. भांडं खालून दबलं तर जाळीला चिकटतं, ऑइल वर जात नाही आणि कधीतरी चालत्या रस्त्यात इंजिन जाम होतं. हे सगळं डॉक्टरांनी तिथल्या तिथे, हातवारे करून, सायकलवाल्याला कळेपर्यंत समजावलं. भाचेबुवा हेल्मेट पोटाशी धरून ऐकत होते.

"कुठे आपटलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठेच नाही," ताई म्हणाल्या.

"ताई, गाडी खोटं बोलत नाही. चांगला मुठीएवढा पोचा आहे. स्पीडब्रेकरवरून नेली असणार, जोरात. नाहीतर दगड."

"अरे, मी कुठे जोरात नेते? मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकतात."

"आणि मार ताजा नाही." डॉक्टरांना आता भलताच रंग चढला होता. "रंग उडून गंज धरलाय. काही महिने झाले असतील. म्हणजे एवढा मोठा धक्का बसला आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही! असा माणूस चाकामागे बसणं म्हणजे..."

"भाऊजी!" मी खिडकीतून ओरडले. पण बाण सुटला होता. न्हाव्याने अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवला होता.

भाचेबुवांनी काही भाषण केलं नाही. नुसता हात पुढे केला. ताईंनी पर्स उघडली, किल्ली काढली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि पर्सची चेन लावली. ताईंनी भांडावं, आरडाओरडा करावा, म्हणून मी उगाच वाट बघत बसले. मला इतका राग आला की बाही उलटी बेतली गेली.

मग त्या परत माझ्या स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, झालंही असेल."

"काय झालं असेल?"

"आपटली असेल. आणि मला आठवत नसेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "परवा दूध गॅसवर ठेवून विसरले होते. शेजारणीचं नावही त्या दिवशी पटकन आठवेना. सुरुवात अशीच होते का गं?"

या बाईने माझ्या लग्नापासून आजतागायत एकदाही "माझं चुकलं असेल" म्हटलेलं मला आठवत नाही. चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवून आल्या, तेव्हाही पत्रिका छापणाऱ्याची चूक होती. त्या बाई आता स्वतःच्या डोक्यावरच संशय घेत होत्या. किल्ली गेल्याचं मला वाईट वाटलं होतं, पण हे त्याहून फार वाईट होतं. दूध सगळेच विसरतात, हे मी त्यांना दहा तऱ्हांनी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रिक्षा करून घरी गेल्या.

मी सरळ गॅरेजमध्ये गेले. "भाऊजी, कुठला स्पीडब्रेकर?"

"अं?"

"निदान केलंत ना? मग दाखवा तो स्पीडब्रेकर. ताई कुठल्या रस्त्याने जातात ते मला माहीत आहे."

माझा आवाज ऐकून ते मुकाट्याने स्कूटर काढायला गेले. मी माझी मापाची टेप घेतली. बाजाराच्या रस्त्यावरचा स्पीडब्रेकर मोजला, तो बुटका. पोहायच्या तलावापुढचा झिजून रस्त्यालाच मिळालेला. व्यायामशाळेच्या कोपऱ्यावरचा जरा ऐटबाज होता. त्याची उंची नीट कळेना म्हणून डॉक्टर गाल रस्त्याला टेकवून आडवे झाले, आणि मी टेप धरून शेजारी उकिडवी बसले. पाहता पाहता मागे गाड्या थांबल्या. एक बाई धावत पाण्याची बाटली घेऊन आली. एक गृहस्थ "हलवू नका, हलवू नका, डॉक्टरला बोलवा" म्हणत गर्दी मागे सारायला लागले. त्यावर आमचे भाऊजी आडव्यानेच म्हणाले, "मीच डॉक्टर आहे." तेव्हा त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून कपाळाला बोट लावलं, आणि मी मान हलवली.

इतकं करून एकही स्पीडब्रेकर ताईंच्या गाडीच्या पोटापर्यंत पोचण्याजोगा निघाला नाही. "मग दगड असेल," डॉक्टर म्हणाले. पण परतल्यावर स्कूटर माझ्या दुकानापाशी थांबवून म्हणाले, "वहिनी, दगडाने ओरखडे पडतात हो. लांब. चालत्या गाडीचा मार घसटत जातो. इथे एकही रेघ नाही."

"मग?"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि आत निघून गेले. ते तीन शब्द बहुधा दातांपर्यंत आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चेंबर खोलून टेबलावर उलटा ठेवला होता. जातायेता त्याच्याकडे बघायचे. तेवढ्यात एक चष्मेवाले गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. टायर बदलायचा होता. डॉक्टरांनी जॅक ओढून आणला, गुडघे टेकून खाली वाकून बघितलं, नीट जागा शोधली आणि जॅकच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला. ठोकळ्याला माझ्याच दुकानातल्या चिंध्यांची गादी केलेली आहे.

"हे कशाला?" चष्मेवाल्याने विचारलं.

झालं. व्याख्यानाला निमित्त मिळालं. "साहेब, हीच तर गोम आहे. उतावळे लोक गाडीखाली न बघता जॅक सारतात आणि दणादण दांडा मारतात. लोखंडाचं तोंड थेट पोटाला लागतं. गाडीचा सगळा भार त्या एवढ्याशा गोलावर, आणि मग चेंबरला..."

इथे आवाज थांबला.

मी मशीनचं चाक हाताने धरलं. डॉक्टर वाक्य अर्ध्यावर सोडतात, हे मी आजवर पाहिलं नव्हतं. खिडकीतून बघितलं तर ते गुडघ्यांवरच होते. हळूच उठले, लाकडाचा ठोकळा बाजूला काढला, टेबलावरचा चेंबर आणला आणि त्याचा पोचा जॅकच्या उघड्या गोल तोंडावर टेकवला. जॅकच्या तोंडाचे दाते पोच्यातल्या खुणांत बरोबर बसले. मी शिवलेलं बटणसुद्धा काजात इतकं नीट बसत नाही.

"साहेब, तुम्ही जरा चहा घेऊन या," डॉक्टर म्हणाले. चष्मेवाला गेल्यावर त्यांनी मला हाक मारली नाही, पण मी गेले.

"मागच्या खेपेचं आठवतंय?" ते म्हणाले. "ऑइल बदलून झालं होतं. गाडी खड्ड्यावरून काढली, तिथे दुसरी चढवली. मग आठवलं, पुढच्या ब्रेकचा आवाज बघायचा राहिला. ठोकळा त्या दुसऱ्या गाडीखाली अडकलेला. म्हटलं, घरचीच तर गाडी आहे. समोरून जॅक सारला आणि..."

"बघितलं नाहीत?"

"तुमच्याशीच बोलत होतो."

हे खरं असणार. आमच्याकडे घरच्या माणसाच्या वाट्याला नेहमी उरलेलं लक्ष येतं. मी दुसऱ्यांचे कोट चोख शिवते आणि आमच्या यांच्या सदऱ्याला टाचणी लावून त्यांना कामावर पाठवते. ताईंची गाडीसुद्धा नेहमी सगळ्यांच्या शेवटी, गप्पा मारत, एका हाताने.

डॉक्टर बराच वेळ कोटाच्या बाहीने जॅक पुसत बसले. मग म्हणाले, "चेंबर ठोकून सरळ होईल. नवा दिसेल. ताईला सांगू, किरकोळ होतं, गंजामुळे मोठं वाटलं. भाच्याला मी समजावतो. किल्ली परत मिळाली म्हणजे झालं ना?"

"आणि त्यांचं डोकं?"

"तिच्या डोक्याला काय झालं?"

तेव्हा मी त्यांना दुधाचं सांगितलं, शेजारणीच्या नावाचं सांगितलं. त्या काय विचारत होत्या आणि कुणाच्या निदानामुळे, तेही सांगितलं. मी आवाज खाली ठेवला होता असं मला वाटतं, पण सायकलवाला नंतर म्हणाला की त्याला सगळं ऐकू आलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "चला."

ताई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. तयार होऊन, मांडीवर पर्स. मैत्रिणीला व्यायामाला न्यायचं होतं आणि भाचेबुवा "आलोच" म्हणून फोनवर बोलत आत फेऱ्या मारत होते. आम्हाला बघून ते बाहेर आले. डॉक्टर मधोमध उभे राहिले आणि त्यांनी घसा खाकरला.

"चेंबरचं सखोल परीक्षण केलं असता," त्यांनी सुरुवात केली, "असं दिसून आलं, की स्थिर अवस्थेत, खालच्या बाजूने, एका वर्तुळाकार वस्तूचा दाब..."

"भाऊजी," मी म्हटलं.

"...म्हणजे बाह्य कारणाने..."

"भाऊजी, मराठीत सांगा."

डॉक्टरांचे खांदे पडले. "ताई, मी केलं ते. माझ्या जॅकने. मागच्या सर्व्हिसिंगला. तू कुठेही आपटली नाहीस."

भाचेबुवांच्या हातातल्या फोनमधलं माणूस "हॅलो, हॅलो" करत होतं.

ताईंनी पर्स खाली ठेवली. "म्हणजे मला आठवत नव्हतं," त्या एकेक शब्द चाचपत म्हणाल्या, "कारण ते झालंच नव्हतं?"

"नव्हतंच झालं."

"काल सबंध रात्र मी एकेक रस्ता आठवत होते रे. एकेक वळण. मला वाटलं, संपलं आता माझं." आणि त्या रडायला लागल्या. मीही रडले. डॉक्टर रडू नये म्हणून छताकडे बघत होते. मग ताईंनी डोळे पुसले, पर्स उचलली आणि धाकट्या भावाच्या दंडावर एक सणसणीत ठेवून दिली. पन्नाशीच्या माणसाने "आई गं" म्हणून उडी मारली, तेव्हा कुठे मला मोकळं वाटलं.

भाचेबुवांनी खिशातून किल्ली काढली. ती आईला देताना म्हणाले, "नियमाने बघितलं तर मामांचा जॅक जप्त करायला हवा." आयुष्यात त्यांनी केलेला हा पहिला विनोद असावा, आणि त्यांना तो विनोद वाटत होता की नाही, याची मला अजून खात्री नाही.

चेंबर सरळ करून, जाळी तपासून, पुन्हा बसवून गाडी तयार झाली, तेव्हा ताई न्यायला आल्या. पण लगेच आत बसल्या नाहीत. गाडीला टेकून उभ्या राहिल्या, डॉक्टर एका गिऱ्हाइकाच्या गाडीला जॅक लावत होते ते शेवटपर्यंत बघितलं आणि मग म्हणाल्या, "परवा जेवढ्या आवाजात सांगितलंस, तेवढ्याच आवाजात सांग."

"ताई, गिऱ्हाइकं आहेत."

"म्हणूनच."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरा ओवत होते. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या गल्लीला सांगितलं की मार त्यांच्या जॅकने बसला, निदान चुकलं, आणि ताई उत्तम गाडी चालवतात. न्हावी दारात आला. सायकलवाल्याने टाळ्या वाजवल्या. चष्मेवाला त्याच दिवशी नवा टायर तपासून घ्यायला आला होता. त्याने काहीच न बोलता आधी गुडघे टेकून आपल्या गाडीखाली बघून घेतलं.

"झालं समाधान?" डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले. "आता दुसरीकडे नेशील गाडी. ने. माझं तोंडच नाही बोलायला."

"दुसरीकडे कशाला नेऊ? इथेच आणीन," ताई म्हणाल्या. "पण घरची म्हणून नाही. रांगेत उभी करीन, नंबर आला की बोलाव. परकी समज मला."

हे मात्र त्यांना लागलं. दंडावरच्या फटक्याने आलं नव्हतं ते पाणी आता डोळ्यांत आलं. "ताई, एवढं तोडून बोलू नकोस. चुकलो म्हटलं ना मी?"

"तोडून कुठे बोलतेय वेड्या?" ताईंनी दार उघडलं, आत बसल्या, सीट पुढे ओढली. "मघापासून इथे उभी राहून बघतेय मी. परक्यांच्या गाडीत बसताना हात धुतोस, खाली वाकून जागा बघतोस, लोखंड टोचू नये म्हणून गादी लावतोस. तेवढी माया माझ्यावरही कर की."

ताईंनी आरसा नीट केला, मागे बघितलं आणि गाडी गल्लीबाहेर काढली, मागच्यांनी हॉर्न वाजवावेत इतक्या सावकाश.